सरकारचं येणं

प्रेस्टनहून येणारं पाकीट सुरुवातीला आनंदाचंच असायचं. इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातल्या या शहरात ब्रिटिश सरकारचं टॅक्स क्रेडिट कार्यालय होतं. एप्रिल 2003 पासून तिथून लाखो घरांना कळवलं जाऊ लागलं की तुमच्या पोराबाळांसाठी आणि तुमच्या तुटपुंज्या पगाराला जोड म्हणून सरकार तुमच्या खात्यात दर आठवड्याला किंवा दर चार आठवड्यांनी इतके पौंड भरणार आहे. वर्षभरानंतर त्याच कार्यालयाकडून दुसरी पाकिटं निघू लागली. त्यातला मजकूर थोडक्यात असा : आम्ही तुम्हाला जास्त पैसे दिले आहेत, ते परत करा.

नावात ‘टॅक्स’ असला तरी ही आपल्या प्राप्तिकरातल्या सवलतीसारखी भानगड नव्हती. माणूस कर भरो वा न भरो, रक्कम रोख मिळे. तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांची ही लाडकी योजना. चाइल्ड टॅक्स क्रेडिट मुलांसाठी आणि वर्किंग टॅक्स क्रेडिट काम करूनही ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी. राबणाऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडावेत, हा त्यामागचा विचार. त्यात काही वावगं नव्हतं, आणि त्या काळात ब्रिटनमधलं मुलांचं दारिद्र्य कमी झालं, त्यात या पैशांचा वाटा होता हे टीकाकारही मान्य करतात. घोळ होता तो हिशेबाच्या पद्धतीत. तो कुणा कारकुनाच्या हातून झालेला नव्हता. कायदा लिहितानाच तो आत बसला होता.

तो कसा, हे नीट बघण्यासारखं आहे. ब्रिटनचं करवर्ष 6 एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या 5 एप्रिलला संपतं. टॅक्स क्रेडिटचा हक्क ठरायचा तो या चालू वर्षाच्या उत्पन्नावर, पण चालू वर्षाचं उत्पन्न वर्ष संपल्याशिवाय कळत नाही. मुलांना दूध तर आज लागतं. म्हणून मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर अंदाज बांधून पैसे द्यायचे आणि वर्ष संपल्यावर खरा आकडा घेऊन हिशेब जुळवायचा, अशी रीत ठरली. पहिल्या वर्षी तर त्याहूनही मागं जाऊन 2001-02 चं उत्पन्न धरलं गेलं.

आता एक काल्पनिक घर घ्या. एकटी आई, एक मूल, दुकानात नोकरी. मागच्या वर्षी पगार 12 हजार पौंड. या वर्षी तिनं जास्तीचे तास घेतले, पुढं बढती मिळाली आणि वर्षाचा आकडा 17 हजार 500 वर गेला. वाढ साडेपाच हजारांची. नियम असा की अडीच हजारांपर्यंतची वाढ सरकार बघणार नाही. उरले तीन हजार. त्यातल्या प्रत्येक पौंडामागं 37 पेन्स हक्क कमी. म्हणजे 1 हजार 110 पौंड तिला ‘जादा’ मिळाले. तिनं काही लपवलं नाही, कार्यालयानंही काही चुकवलं नाही. तरी वर्षाअखेरीस ती सरकारची ऋणको झाली, आणि ते पैसे तोवर बुटांत, भाड्यात, बसच्या पासात गेलेले. तिनं प्रामाणिकपणे जानेवारीतच वाढ कळवली असती तर? तर सगळी कपात उरलेल्या दोन-तीन महिन्यांत कोंबली गेली असती आणि फेब्रुवारीत तिच्या खात्यात जेमतेम काही आलं असतं. प्रामाणिकपणाचं हे फळ ज्यांना एकदा मिळालं, ते पुढच्या खेपेला कळवायला कचरले तर त्यांना दोष देणं मला जमत नाही.

संसार मोडला तर गुंता आणखी वाढे. नवरा-बायकोचा किंवा एकत्र राहणाऱ्या जोडप्याचा अर्ज संयुक्त असे. दोघं वेगळे झाले की तो अर्ज त्या दिवशीच मेला; दोघांपैकी ज्याच्याकडं मुलं, त्यानं नवा अर्ज करायचा. भांडण, पोलीस, नवं घर, मुलांची शाळा या सगळ्यात प्रेस्टनला फोन करायचं राहून गेलं, तर मधल्या काळात मिळालेला प्रत्येक पौंड जादा ठरे. एकटी म्हणून अर्ज केला असता तर तिला कदाचित जास्तच पैसे मिळाले असते, पण हा विचार हिशेबात धरला जाऊ लागला तो 2010 मध्ये. वर दोघांची जबाबदारी संयुक्त. ज्या माणसापासून जीव वाचवून बाहेर पडली, त्याच्या वाट्याचं देणंही कायद्यानं तिच्याकडून मागता येत होतं. नंतर विभक्त जोडप्यांना अर्धं-अर्धं भरण्याची मुभा व्यवहारात मिळाली, पण ती मागावी लागे. आणि मागण्यासाठी ती आहे हे माहीत असावं लागे.

पहिल्याच वर्षी, म्हणजे 2003-04 मध्ये, सुमारे 19 लाख कुटुंबांना मिळून जवळपास 2 अब्ज पौंड जादा दिले गेले. त्यात संगणकानं आपली भर घातली. ईडीएस या कंपनीनं उभारलेली यंत्रणा सुरुवातीलाच कोलमडली. काहींना पैसेच मिळाले नाहीत, काहींना दुप्पट मिळाले. या अपयशापोटी कंपनीनं पुढं 7 कोटी पौंडांहून जास्त रकमेवर सरकारशी तडजोड केली. कंपनीला वकील होते, वाटाघाटीचं टेबल होतं. पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईकडं यातलं काही नव्हतं.

जून 2005 मध्ये संसदेच्या लोकपाल ॲन अब्राहम यांनी पहिला अहवाल दिला. त्याचा रोख साधा होता. गरिबाच्या घरखर्चाची रक्कम वर्षाच्या शेवटी मागं घेता येईल अशी असेल, तर ती घरखर्चाला धरता येत नाही. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी खासदारांसमोर दिलगिरी व्यक्त केली. 2007 मध्ये अब्राहमबाईंनी दुसरा अहवाल काढला, कारण तक्रारी थांबल्या नव्हत्या. दरम्यान सरकारनं एक मोठा उपाय केला होता. अडीच हजारांची जी सूट होती ती एप्रिल 2006 पासून थेट 25 हजारांवर नेली. म्हणजे उत्पन्नात तेवढी वाढ झाली तरी त्या वर्षी वसुली नाही. वसुली खरोखरच घटली. पण अशा सुटीला पैसे लागतात, आणि सरकार बदललं की असल्या गोष्टींवर पहिली कात्री चालते. 2011 मध्ये ती 10 हजारांवर आली, 2013 मध्ये 5 हजारांवर, आणि 2016 मध्ये पुन्हा अडीच हजारांवर. तेरा वर्षांत गाडी निघाली तिथंच येऊन उभी राहिली. मधल्या तेरा वर्षांत महागाई वाढली होती, तेव्हा खरं तर ती निघाली त्याच्याही मागं गेली.

मला मात्र या सूट-पुराणापेक्षा दुसरीच एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. चूक कुणाची, हा प्रश्न या व्यवस्थेनं टप्प्याटप्प्यानं कसा गुंडाळून ठेवला, ती.

सुरुवातीला तो प्रश्न होता. 2002 च्या कायद्यानं महसूल खात्याला जादा रक्कम परत मागण्याचा अधिकार दिला. प्रत्येक वेळी मागितलीच पाहिजे अशी सक्ती केली नव्हती. कधी मागायची नाही, याचे नियम खात्यानं ‘सीओपी 26’ या नावाच्या पुस्तिकेत छापले. चूक खात्याची असेल आणि मिळालेली रक्कम बरोबरच आहे असं तुम्हाला वाटणं स्वाभाविक असेल, तर माफी. ‘स्वाभाविक’ काय ते ठरवणार मात्र खातंच. संगणकाच्या गोंधळात चार वेगवेगळ्या आकड्यांची चार पत्रं एकाच आठवड्यात आलेल्या माणसाला ‘तुमच्या लक्षात यायला हवं होतं’ असं ऐकवलं जाई.

जानेवारी 2008 मध्ये ही कसोटी बदलली. आता दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्यांची यादी आली. तुमच्या : माहिती बरोबर द्या, बदल वेळेत कळवा, आणि निर्णयपत्र आलं की 30 दिवसांत तपासून चूक असेल तर सांगा. खात्याच्या : सल्ला बरोबर द्या, सांगितलेलं नीट नोंदवा, चूक कळवल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त करा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण निर्णयपत्र हातात घेऊन बघितलं की यादीतली तिसरी जबाबदारी काय चीज आहे ते कळतं. पानामागून पानं, त्यात मुलांची नावं, कामाचे तास, पाळणाघराचा खर्च, उत्पन्न, मग अमुक घटक, तमुक घटक, मग कपात, मग आधी दिलेले, मग आता देणार असलेले. रक्कम कशी निघाली याचं गणित सुरुवातीच्या पत्रांत धड नव्हतंच. ज्या हिशेबात कार्यालय स्वतः चुकलं, तो लाभार्थ्यानं महिन्याभरात तपासावा आणि कार्यालयाची चूक काढून दाखवावी. न जमल्यास चूक दोघांची, आणि वसुली एकाकडून.

2013 मध्ये तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आली. खातं मात्र अनेक वर्षांपूर्वीचं येणं उकरून काढू शकत होतं.

इथं एक बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण हजारो लोक तिथंच फसले. हक्क किती, हा निर्णय चुकीचा आहे असं म्हणायचं असेल तर ते अपील. त्याला 30 दिवसांची मुदत, आणि शेवटी स्वतंत्र न्यायाधिकरणापुढं सुनावणी. हक्काचा आकडा मान्य आहे, पण चूक तुमची म्हणून परत मागू नका असं म्हणायचं असेल, तर तो वाद; त्याचा फॉर्म टीसी 846. त्यावर न्यायाधिकरण नाही. तो खात्यातलेच लोक बघणार, मग फार तर खात्याविरुद्धच्या तक्रारी बघणारा ॲडज्युडिकेटर, मग खासदारामार्फत लोकपाल. घाबरलेला माणूस ‘माझी चूक नव्हती’ असंच लिहिणार, आणि ते वाक्य त्याला आपोआप दुसऱ्या रांगेत उभं करी. आकडाच चुकलेला असला तरी तोवर अपिलाचे 30 दिवस सरून जात. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’सारख्या मोफत सल्ला केंद्रांमधले जाणते लोक म्हणूनच आधी वर्षवार हिशेब मागवायला सांगत, मग फोनवर काय बोलणं झालं त्याच्या नोंदी आणि ध्वनिमुद्रणं मागवायला. ही माहिती विदा संरक्षण कायद्याखाली मिळवता येते. ‘मी जूनमध्ये फोन करून सांगितलं होतं’ या वाक्याला वजन येतं ते खात्याच्याच टेपमध्ये आपला आवाज सापडला तर.

2014 मध्ये सरकारनं आणखी एक पाऊल टाकलं. चुका आणि लबाड्या शोधायचं काम कॉन्सेंट्रिक्स या खासगी कंपनीला दिलं, आणि मोबदला ठेवला निकालावर : जेवढी बचत दाखवाल त्या मानानं पैसे. मग कंपनीनं काय करावं? एकट्या आयांना पत्रं गेली की तुमच्या पत्त्यावर अमुक पुरुष राहतो, तो तुमचा जोडीदार नाही हे सिद्ध करा. नाही तर पैसे बंद. एका बाईचा तथाकथित जोडीदार निघाला जोसेफ राऊंट्री. यॉर्कचा हा चॉकलेट कारखानदार आणि दानशूर गृहस्थ 1925 साली वारला. त्याच्या नावाच्या गृहनिर्माण संस्थेच्या घरात ती राहत होती, एवढाच तिचा त्याचा संबंध. दुसऱ्या एका प्रकरणात बाईचं आर. एस. मॅककॉलशी सूत जुळवलं गेलं. ते निघालं वर्तमानपत्रं विकणाऱ्या दुकानांचं नाव. हसू येतं, पण 2016 च्या उन्हाळ्यात हे घडत असताना कंपनीचे फोन लागत नव्हते आणि बायका उसनवारीवर मुलांना जेवू घालत होत्या. शेवटी सरकारनं कंत्राट गुंडाळलं, 1 लाख 81 हजार प्रकरणं खात्यानं परत घेतली. फ्रँक फील्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनं वाभाडे काढले. ज्यांनी दाद मागितली त्यातल्या बहुतेकांचे निर्णय फिरवावे लागले. ज्यांनी मागितली नाही, त्यांचं काय ते कोण मोजणार?

शेवटचा घाव युनिव्हर्सल क्रेडिटनं घातला. टॅक्स क्रेडिट आणि इतर लाभ गुंडाळून त्यांच्या जागी आलेली ही योजना 2012 च्या कायद्यानं उभी राहिली. त्यात जादा दिलेली रक्कम वसूल करता येते, कारण काहीही असो. अधिकाऱ्याची शंभर टक्के चूक असली तरी. चूक कुणाची, हा प्रश्न कायद्यातूनच बाद. माफी मागता येते, पण ती ही योजना चालवणाऱ्या ‘काम आणि निवृत्तिवेतन’ खात्याच्या मर्जीवर.

तरीही एका आईनं त्याला आव्हान दिलं. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं होतं की मला मिळतात ते पैसे बरोबर आहेत ना. खात्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, हो. मग 8 हजार 600 पौंडांहून जास्त रकमेची मागणी आली. फेब्रुवारी 2023 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला : असा शब्द देऊन नंतर ही वसुली करणं बेकायदा. निकाल मोठा आहे, पण तो तिच्या जपून ठेवलेल्या संदेशांवर उभा आहे. ज्यानं विचारलंच नाही त्याला तो फारसा उपयोगी नाही.

ब्रिटन यात एकटा नाही. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानाबाबत जे झालं ते याहून भयंकर. तिथं नियम होता सगळं किंवा काहीच नाही. स्वतःच्या वाट्याचा थोडा खर्च भरल्याची पावती नाही, तर वर्षाचं सगळं अनुदान परत, म्हणजे दहा-वीस हजार युरोंचा बोजा. दुहेरी नागरिकत्वाच्या पालकांकडं यंत्रणा जास्त संशयानं बघत होती. त्याबद्दल करखात्याला पुढं साडेसत्तावीस लाख युरोंचा दंड झाला. संसदीय चौकशीनं डिसेंबर 2020 मध्ये याला अभूतपूर्व अन्याय म्हटलं आणि 15 जानेवारी 2021 रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. निवडणूक झाल्यावर पंतप्रधान पुन्हा रुटेच. नाडलेल्या पालकांना 30 हजार युरो भरपाई ठरली. घरं आणि लग्नं मोडली होती, काहींची मुलंही सरकारनं ताब्यात घेतली होती. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’मध्ये वर्षाचं उत्पन्न 26 पंधरवड्यांत समान वाटून येणं काढलं गेलं, जणू हंगामी कामगार बाराही महिने सारखंच कमावतो. सरकारला ते मागं घ्यावं लागलं, आणि 2023 मध्ये शाही आयोगानं त्याची लक्तरं वेशीवर टांगली.

आपल्याकडं हे अनोळखी वाटायचं कारण नाही. निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तक वेतन पडताळणीला जातं आणि वीस वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकल्याचा शेरा घेऊन परत येतं, हे जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या अनेक गुरुजींनी अनुभवलंय. पीएम-किसानचे हप्ते घेतलेल्या, पण प्राप्तिकर भरणाऱ्या शेतकऱ्यांना तहसीलदारांच्या नोटिसा गेल्या. फरक एवढा की कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 18 डिसेंबर 2014 च्या रफिक मसीह निकालात स्पष्ट रेघ ओढली. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून आणि वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसंच पाच वर्षांपेक्षा जास्त काळ दिलेल्या जादा रकमेची वसुली नको. दोन वर्षांनी जगदेव सिंग खटल्यात त्याला पळवाट निघाली : वेतन घेताना ‘जादा ठरल्यास परत करीन’ असं लिहून दिलं असेल तर वसुली चालेल. म्हणून आता वचनपत्रावर सही आधी घेतात. तरी वसुलीनं माणसाचं काय होईल हे विचारायचं धाडस त्या 2014 च्या निकालात आहे. ब्रिटनच्या कायद्यात ते शोधून सापडत नाही.

तिथल्या मराठी घरांपुरतं बोलायचं तर नुकत्याच गेलेल्या बहुतेकांच्या व्हिसावर सरकारी लाभ घ्यायला मनाईच असते. पण जोडीदारांपैकी एक जण कायमचा रहिवासी असेल तर संयुक्त टॅक्स क्रेडिट मिळू शकत होतं, आणि जुन्या स्थायिक कुटुंबांनी ते घेतलंही असणार. त्यांनी आपली जुनी कागदपत्रं रद्दीत घालू नयेत. टॅक्स क्रेडिट 5 एप्रिल 2025 रोजी कायमचं बंद झालं, पण त्याचं येणं बंद झालेलं नाही; युनिव्हर्सल क्रेडिटवर गेलेल्यांचं ते ‘काम आणि निवृत्तिवेतन’ खात्याकडं गेलं आहे. ते खातं नोकरदाराच्या पगारातून, न्यायालयाच्या हुकुमाशिवाय, मालकाला कळवून कापू शकतं. युनिव्हर्सल क्रेडिटमधून होणाऱ्या कपातींवरची कमाल मर्यादा 2025 मध्ये मूळ भत्त्याच्या 25 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आली. पंचविशीपुढच्या एकट्या माणसाला ती तेव्हा महिन्याला सुमारे 60 पौंड पडत होती. झेपत नसेल तर हप्ता कमी करून मागता येतो.

असं पत्र आलं तर पहिला हप्ता भरण्याआधी कोणत्या वर्षाचे, कसले आणि कसे काढलेले हे पैसे आहेत, ते लेखी मागा. इंग्लंडमध्ये सहा वर्षांनी जुन्या कर्जासाठी न्यायालयात जाता येत नाही, असं कुणी सांगून धीर देईल. ते खरं आहे, पण मुदतीचं ते बंधन फक्त न्यायालयात जाण्याला आहे. लाभातून कापून घ्यायला कसलीच मुदत नाही.